खोत सरांची फ्लॉपी

युनूस खोत सर आमच्या दवाखान्यात पहिल्यांदा आले, ते दारातच चपला काढून. परुळेकर डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो, घाला त्या चपला. हा टीबीचा दवाखाना आहे. इथली फरशी अनवाणी फिरण्यासारखी नाही."

"फरशीसाठी नाही काढल्या बाई," सर म्हणाले, "मशीनसाठी काढल्या."

मशीन म्हणजे कॉम्प्युटर. एका पॉवरलूमच्या मालकाने आमच्या धर्मादाय दवाखान्याला तो दिला होता आणि दोन आठवडे तो खोक्यातच पडून होता. नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. भिवंडीत तेव्हा कुठल्या कापड रंगवायच्या डाइंगमध्ये एक, कुठल्या शाळेत एक, एखाद्या वकिलाकडे एक, असे तुरळक कॉम्प्युटर होते. दुकानातून ते कोरे येत. त्यांच्यात डॉस, म्हणजे मशीन चालवणारा मूळ प्रोग्रॅम, घालून त्यांना चालतं करणारा माणूस गावात एकच होता. मी त्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर होते. कोन गावाहून सकाळी यायचं, पेशंटांची नावं लिहायची, औषधांच्या तारखा टाकायच्या. म्हणजे त्या मशीनसमोर मलाच बसावं लागणार होतं, आणि मला त्याची धास्ती वाटत होती.

सर पन्नाशीचे असतील. उंच, सडपातळ, पांढरी दाढी अगदी बारीक कापलेली. भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातले. वडिलांचे लूम होते, लहानपण सगळं त्या खडखडाटात गेलं, त्यामुळे डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. समोरचा बोलू लागला की ते त्याच्या ओठांकडे बघत राहत. नवख्याला वाटे, हा माणूस आपल्याला तपासतो आहे. पुढे अकरा वर्षं आखातात एका ऑफिसात काढली, तिथे कॉम्प्युटर शिकले आणि परत आले. घरच्या लूमवर भाऊ बसले होते. यांनी मशिनी उठवायचं काम धरलं. हा शब्द त्यांचाच. 'मशीन चालू केली' असं ते कधी म्हणत नसत. म्हणायचे, 'उठवली'.

त्या दिवशी त्यांनी पिशवीतून धुतलेल्या रुमालात बांधलेली एक फ्लॉपी काढली. काळी, चौकोनी, वहीच्या पानापेक्षा लहान. तिच्या कडेला एक खाच होती आणि त्या खाचेवर चंदेरी पट्टी चिकटवलेली होती.

"ही पट्टी असेपर्यंत हिच्यावर कुणाला काही लिहिता येत नाही," सरांनी मला सांगितलं. "ही माझी पहिली फ्लॉपी. गावातली प्रत्येक मशीन हिच्यावर उठलीय. नवी मशीन कोरी असते, म्हात्रेबाई. तिला आपण कोण हेच माहीत नसतं. आधी ही घालून बाहेरून उठवायची, मग आत डॉस बसवायचं. मग ती आपली आपण उठते."

फ्लॉपी मशीनच्या फटीत सरकवून त्यांनी छोटी मूठ फिरवली, तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हटलं आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर आकडे चढू लागले. मी काही विचारायला तोंड उघडलं तर त्यांनी बोट वर केलं. आकडे थांबेपर्यंत त्यांच्या समोर कुणी बोलायचं नाही. मग बराच वेळ घरघर, टकटक झाली आणि मशीनने विचारलं की आतलं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? सर खुर्चीवरून उठले.

"बाई, ही चावी तुम्ही दाबायची."

डॉक्टरबाई हसल्या. "मला काय कळतं त्यातलं?"

"कळायची गरज नाही. मशीन तुमची. पुसायचं का ठेवायचं, हे तिच्या मालकाने सांगायचं."

बाईंनी चावी दाबली. नंतर चहा पिताना सरांनी सांगितलं की आखातात एकदा अशीच चावी त्यांनी स्वतः दाबली होती, साहेब घाईत होता म्हणून. त्या मशीनवर एका केरळी कारकुनाचं आठ महिन्यांचं काम होतं. त्या कारकुनाला तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं. "त्याने मला काही म्हटलं नाही," सर म्हणाले. "जाताना हात मिळवला. तेव्हापासून मी ती चावी दाबत नाही."

त्यांचा आणखी एक नेम होता. कुणाचीही मशीन असो, कितीही लहान काम असो, ते आधी तिला आपल्या फ्लॉपीवर उठवत आणि मगच हात लावत. "लोक काय काय घालून ठेवतात आत. आपली फ्लॉपी स्वच्छ. आपण आपल्या पायावर आत जायचं." सर हात धुवायला गेले असताना एका डाइंगवाल्या शेठने घाईने मशीन तशीच चालू केली, तर सर रुमाल बांधून, चपला घालून निघून गेले. शेठला दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून बोलवावं लागलं. कोनच्या शाळेतही त्यांनीच मशीन उठवली. मुलं खिडकीच्या गजांना चिकटून उभी होती आणि सरांचं बोट वर गेलं तेव्हा एकानेही श्वास मोठ्याने घेतला नाही, असं आमच्या आळीतली पोरं घरोघर सांगत होती.

दवाखान्याचं काम त्या मशीनमुळे खरंच सोपं झालं. सकाळी एक चावी दाबली की आदल्या दिवशी औषधाला कोण आलं नाही ती नावं पडद्यावर येत. नाव, लूमचा पत्ता, मुकादम कोण. ती मी कागदावर उतरवून घ्यायची आणि आमची सफाईवाली ठकूबाई निरोप घेऊन जायची. ठकूबाई वळ गावाच्या पलीकडच्या पाड्यावरची. तिला वाचता येत नव्हतं, पण भिवंडीतला एकेक लूमचा कारखाना तिला दारावरून ओळखता यायचा. जुनी रजिस्टरं आम्ही बंद केली. दर शनिवारी सगळी यादी वेगळ्या फ्लॉपीवर उतरवून ठेवा, असं सरांनी मला बजावलं होतं. दिवाळीपर्यंत मी ते केलं. मग एक शनिवार चुकला, मग दुसरा. मशीन इतकी शहाण्यासारखी वागत होती की पुढे ते माझ्या ध्यानातूनच गेलं.

थंडीत आम्हाला प्रिंटर मिळाला, आणि तो काही चालेना. सर म्हणाले, त्याचा प्रोग्रॅम डाइंगच्या मशीनवर आहे, आणतो कधीतरी. मी त्यांच्या मागे लागले. नावं हाताने उतरवून घ्यायचा कंटाळा आला होता. येता-जाता विचारायचं, "सर, आणलंत का?" शेवटी एक दिवस ते आले, नेहमीप्रमाणे चपला काढल्या, आपल्या फ्लॉपीवर मशीन उठवली आणि प्रिंटर चालू करून दिला. कागद करकरत बाहेर आला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. सर हसले. फ्लॉपीवरची पट्टी नवी दिसत होती. मी ते पाहिलं, पण त्याचं मला काय वाटणार?

उन्हाळा सुरू होत होता. एका शनिवारी दुपारी सर सहज डोकावले. मशीन तपासायची एक आज्ञा ते अधूनमधून देत. त्यांनी ती दिली आणि पडद्यावरच्या आकड्याकडे बघत राहिले. पुन्हा दिली. पुन्हा तोच आकडा.

"काय झालं सर?"

"दोन हजार अठ्ठेचाळीस कमी." त्यांचा आवाज खाली गेला होता. "मशीनच्या मेमरीतली एवढी जागा कुणीतरी धरून बसलंय. काल कोनच्या शाळेतही एवढीच कमी होती."

"म्हणजे काय?"

"माहीत नाही." त्यांनी आकडा डायरीत लिहिला. उठले, पुन्हा बसले. घड्याळ पाहिलं. त्या दिवशी त्यांच्या भाचीचं लग्न ठरायचं होतं, पाहुणे येणार होते. "सोमवारी बघतो," ते म्हणाले. दारातून वळून त्यांनी एकदा मशीनकडे पाहिलं. मला वाटलं काही सांगतील. पण गेले.

सोमवारी नऊ वाजता मी बटण दाबलं. पुढचा तांबडा दिवा लागला आणि तसाच राहिला. एरवी तो लुकलुकायचा. आतून एकसारखी खरखर येत होती. पडदा काळा. मला वाटलं, मशीन काहीतरी काम करते आहे, मध्ये हात लावू नये. मी हात मांडीवर ठेवून बसले. ठकूबाई फरशी पुसत होती. ती मान वर करून म्हणाली, "म्हात्रेबाय, ही आज दळाया बसली हाय काय?"

"असेल काही," मी म्हटलं.

"मना न्हाय बरा वाटत तिचा आवाज. बंद कर तिला."

मी नाही केली. ती खरखर आपली आपण थांबेपर्यंत बसून राहिले. बटण लगेच बंद केलं असतं तर निदान काही वाचलं असतं, हे मला नंतर कळलं. सर सांगायला तयार नव्हते, मीच खोदून विचारलं.

ते आले तेव्हा घामाने भिजले होते. वाटेतच त्यांना दोन ठिकाणची बातमी लागली होती. फ्लॉपी घालून त्यांनी मशीन उठवली. ती उठली. पण आतल्या डिस्कचं नाव विचारलं तर मशीन म्हणाली, अशी डिस्कच नाही. सरांनी तीन वेळा विचारलं. मग फ्लॉपी बाहेर काढून ते तिच्याकडे बघत बसले, समोरचा माणूस बोलताना ओठांकडे बघायचे तसे.

त्या एका दिवसात गावातल्या सात मशिनी गेल्या. सातही त्यांनी उठवलेल्या.

दुसऱ्या दिवशी ते ठाण्याला जाऊन आले. तिथे एकाकडे अशा गोष्टी शोधायचा प्रोग्रॅम होता. परत आल्यावर आधी आमच्याकडे आले. डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत.

"व्हायरस आहे. ठरलेल्या तारखेपर्यंत गप बसतो, मग सगळं पुसतो. तो माझ्या फ्लॉपीत आहे."

"तुमच्या?" बाई म्हणाल्या. "पण तुमच्या फ्लॉपीवर तर लिहिता येत नाही ना?"

"डाइंगमधला प्रिंटरचा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला पट्टी काढली होती. एकदाच. शेठच्या पुतण्याने कुणाकडून तरी खेळाची फ्लॉपी आणून त्या मशीनवर चालवली होती, तिथून तो माझ्या फ्लॉपीत आला. मी वर नवी पट्टी चिकटवली आणि त्याला आत बंद करून गावभर फिरवला. जिथे गेलो तिथे आधी आपल्या फ्लॉपीवर उठवली. काही काम नसलं तरी."

तो प्रोग्रॅम मी मागितला होता. सरांनी माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.

"सगळीकडे जाऊन सांगणार आहे," ते म्हणाले. "आणि तुमचं काय गेलं असेल ते कसंही करून भरून देईन बाई. पेशंट येतील तसतशी नावं मी स्वतः बसून घालतो."

दिवाळीची फ्लॉपी शाबूत होती, म्हणजे जुने पेशंट सापडणार होते. त्यानंतरच्या ऐंशी-नव्वद जणांची नावं पुसली गेली होती.

"जे येतात त्यांच्यासाठी यादी लागतच नाही, खोत," बाई म्हणाल्या. "ते येतातच. यादी असते ती न येणाऱ्यांसाठी. दोन महिने औषध घेतलं की खोकला थांबतो, माणसाला वाटतं बरा झालो. तिथेच तो औषध सोडतो. आणि मग जे परत येतं ना, त्याला आपली औषधं पुरत नाहीत. हे नेमके तेच लोक आहेत. कोण, कुठे, आता कुणालाच माहीत नाही."

सरांनी चपला घातल्या आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वही घेऊन लूमच्या कारखान्यांत फिरायला लागले.

डाइंगच्या शेठने त्यांना दारातून हाकलून दिलं हे मला ठकूबाईकडून कळलं. पोरावर आळ घेतो म्हणाला. वकिलाने पोलिसांत जायची धमकी दिली. सर सगळ्यांचं ऐकून घेत आणि पुढच्या कारखान्यात जात. सकाळी शिफ्ट बदलते तेव्हा दोन्ही पाळ्यांची माणसं एका जागी सापडतात, ती वेळ त्यांनी धरली. पेशंटचे चेहरे मला माहीत होते म्हणून एकदा मीही बरोबर गेले.

आतल्या खडखडाटात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नव्हता. कापसाची भुकटी हवेत लोंबत होती. सर भिंतीला पाठ लावून उभे राहिले, नुसते बघत. मी त्यांच्या उजव्या कानाशी ओरडले, "सर, विचारायचं नाही का कुणाला?"

त्यांनी मला बाहेर नेलं. "खोकल्याचा आवाज इथे येत नाही, म्हात्रेबाई. खांदे बघायचे. खांदे उडतात." आणि आत जाऊन त्यांनी तिसऱ्या रांगेतल्या एका कोवळ्या कारागिराच्या खांद्यावर हात ठेवला. तो आमचाच पेशंट निघाला.

मुकादम त्यांना हसत. आजारी माणसं दाखवून दिली तर कारागीर पळून जातील म्हणून काहींनी फाटकं लावून घेतली. सर दुपारी खानावळींत जाऊन बसत, जिथे बिहारी आणि तेलुगू कारागीर जेवतात. कुणी भात अर्धा टाकून उठला की त्याच्या मागे जात. दीड महिन्यात त्यांनी साठेक जण शोधून आणले. काही मुलुखाला निघून गेले होते. काही कुठे गेले ते कुणालाच माहीत नव्हतं. सरांचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता. डॉक्टरबाईंनी त्यांचीही थुंकी तपासायला लावली. काही निघालं नाही. तो कागद त्यांनी पाहिला आणि घडी घालून खिशात ठेवला, आनंद झाल्याचं काही दिसलं नाही.

नरसय्या सापडला तो सगळ्यात शेवटी. तेलंगणातला कारागीर, बायको आणि दोन लहान मुली. आमचा निरोप घेऊन कुणी गेलं नाही म्हणून त्याने औषध सोडलं होतं. सर त्याच्या खोलीवर गेले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याने उशाखालून आमचं कार्ड काढलं. जपून ठेवलेलं, कोपरेही दुमडलेले नव्हते.

"अच्छा हो गया था साब," तो म्हणाला. "कोई बुलाने नहीं आया, तो समझा खतम हो गया."

हे सरांनी आम्हाला येऊन सांगितलं, त्याच शब्दांत. पुढे कितीतरी दिवस ते मधूनच, काही संबंध नसताना, ते वाक्य म्हणत.

डॉक्टरबाईंनी पुन्हा पहिल्यापासून औषध सुरू केलं. मुंबईला पाठवलं. चार महिने नरसय्या झगडला. तो गेला तेव्हा त्याची बायको राजव्वाही खोकत होती. तिची थुंकी तपासली, त्यात जंतू निघाले. मुलींना गोळ्या सुरू झाल्या.

त्यानंतर सरांनी मशिनी उठवायचं काम सोडलं. शाळेतून माणूस आला, वकिलाने स्वतः येऊन हात जोडले, पण ते 'ठाण्याहून कुणी बोलवा' एवढंच म्हणाले. भावाच्या लूमवर कापड मोजायला बसू लागले. पण रोज सकाळी आठ वाजता राजव्वाच्या दारात जाऊन उभे राहायचे आणि तिला व मुलींना दवाखान्यात घेऊन यायचे. धाकटी त्यांच्या बोटाला धरून चालायची. मोठी आधी लाजायची, मग तीही दुसऱ्या बोटाला. राजव्वाने गोळ्या गिळल्या की सर पाण्याचा ग्लास स्वतः धुऊन ठेवत. एकही दिवस चुकला नाही. राजव्वाला वाटे, हा दवाखान्याचाच माणूस आहे. तसं नाही, हे आम्हीही तिला कधी सांगितलं नाही.

औषध पूर्ण झालं, थुंकी साफ आली. ती मुलींना घेऊन गावी जायला निघाली. सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी. आंध्राकडे जाणाऱ्या खाजगी बसपाशी दुपारच्या उन्हात आम्ही उभे होतो. गाठोडी टपावर चढली. क्लीनर हाका मारू लागला. धाकटीने सरांचं बोट धरलेलं होतं.

"बहन, एक बात बोलनी थी," सर म्हणाले. "पहले बोलनी चाहिए थी."

राजव्वा थांबली. तिला हिंदी थोडंच येत होतं.

"तुम्हारे आदमी को कोई बुलाने नहीं आया, क्योंकि उसका नाम मिट गया था. मशीन में बीमारी थी. वो बीमारी मेरे हाथ से लगी. मेरे हाथ से."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मशीन, नाव, हे तिच्यापर्यंत पोचलंच नाही. तिने त्यातले दोनच शब्द धरले होते.

"बीमारी?" ती हळू म्हणाली. "तुम्हारे से लगी? उनको?"

मी पुढे झाले. "नहीं, नहीं राजव्वा, ये वो मशीन की..."

सरांनी हात वर केला. "राहू द्या, म्हात्रेबाई."

मग ते तिच्याकडे वळले. "हां," ते म्हणाले. "मेरे से."

राजव्वाने वाकून धाकटीची मूठ सरांच्या बोटावरून सोडवली. पदराचं टोक घेऊन मुलीचा तळवा पुसला, एकेक बोट वेगळं करून पुसला. मग मोठीला पुढे घालून, धाकटीला कडेवर घेऊन ती बसमध्ये चढली. खिडकीशी बसली, पण तिने बाहेर पाहिलं नाही.

बस कल्याणच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली. लोक पांगले. मी सरांना हाक मारली, पण डावा कान माझ्या बाजूला होता. ते तिथेच उभे होते, उजवा हात अंगापासून थोडा लांब धरून.